खिडकी नको, कडी बदला

वाराणसी छावणीतून सुट्टीच्या दिवशी मी बहुतेक वेळा ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडे जातो. तिथं पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेली मराठी घरं आहेत आणि एखाद्या दारातून अजून आपली भाषा कानावर पडते. अलीकडे या गल्ल्यांत जुन्या लाकडी खिडक्या चौकटीसकट उखडलेल्या दिसतात. त्या जागी सरकत्या यूपीव्हीसी खिडक्या. माझ्या मते यातल्या निम्म्याहून जास्त खिडक्यांना नवी बिजागरी आणि नवी कडी, एवढंच पुरलं असतं.

रायफलीची फायरिंग पिन गेली म्हणून कुणी रायफल टाकून देत नाही. खिडकीचंही तसंच. झडप खाली घसटते ती बहुधा बिजागरीची पिन झिजल्यामुळे किंवा स्क्रूचं भोक मोठं झाल्यामुळे. भोकात सरस लावून लाकडी खुंटी ठोकायची, वाळू द्यायची आणि त्याच जागी स्क्रू पिळायचा. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम. पितळी बिजागरीला पितळी स्क्रूच लावा; लोखंडी लावला तर गंगेकाठच्या दमट हवेत तोच आधी गंजतो. (इथले लोक बिजागरीला ‘कब्जा’ म्हणतात. दुकानात ‘चार कब्जे द्या’ म्हणताना फौजी माणसाला हसू येतंच.)

सरकत्या खिडकीचं गणित कुणी सांगत नाही. ती कितीही उघडा, अर्धीच उघडते. जून महिन्यात वीज गेली की काशीत त्या अर्ध्या खिडकीची किंमत कळते. दोन झडपांची जुनी खिडकी पूर्ण उघडते. माकडांची भीती खरी आहे, पण ती गज आणि घट्ट बसणाऱ्या कडीने भागते. कडी घेताना मात्र हात आखडू नका. अ‍ॅल्युमिनियमची पातळ कडी वाकते. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या.

उतरवलेलं जुनं पितळ भंगारात वजनावर जातं, याचं मला जास्त वाईट वाटतं. ओतीव कोयंडे, कड्या, मुठी, सगळं किलोच्या भावात. निवृत्तीनंतर गावचं घर दुरुस्त करायला काढणाऱ्या माजी सैनिकांनी कंत्राटदाराला आधीच बजावावं, की उतरवलेला प्रत्येक नग मोजून माझ्या ताब्यात द्यायचा. स्टोअरच्या हिशेबाची सवय आपल्याला आहेच.

आणि हे काम उन्हाळ्यात उरका. पावसाळ्यात लाकूड फुगतं. तेव्हा अडकते म्हणून झडपेला रंधा मारला, की थंडीत फट पडते आणि पौषातलं धुकं थेट अंथरुणात येतं.