खेळ सुटला, पडदा सुटेना

चाळिशी गाठलेल्या एखाद्या गृहस्थाने चारचौघांत ‘हल्ली व्हिडिओ गेममध्ये मन लागत नाही हो’ असे म्हटले, की ऐकणारे समाधानाने मान डोलावतात. पोरखेळ संपला, गडी पोक्त झाला! दारू सुटलेल्या माणसाचे करावे तसे त्याचे कौतुक होते आणि तोही ते लाजतलाजत पदरात पाडून घेतो. माझा आक्षेप या कौतुकावरच आहे. खेळातला रस आटणे हा पोक्तपणा नव्हे. ते नुकसान आहे, आणि नुकसानीचा कोणी सत्कार करीत नसतो.

ही पिढी १९९० नंतरच्या उन्हाळी सुट्ट्यांत वाढली. टीव्हीला जोडायचा तो डबा, ती पिवळी कॅसेट, चालेनाशी झाली की तिच्यात मारायची फुंकर आणि ‘मारिओ’त खड्ड्यात पडून गमावलेला जीव, हे सारे तिला तोंडपाठ आहे. ऐन रंगात वीज गेली की सगळी कमाई पाण्यात! पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचे. हरावे, रडू नये, पुन्हा उभे राहावे, हा धडा त्या डब्याने दिला. त्याला पोरखेळ म्हणून हिणवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की १९५८ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत पडद्यावरचा टेनिसचा खेळ रचणारा विल्यम हिगिनबॉथम हा अणुबाँबच्या कामात भाग घेतलेला, पन्नाशीकडे झुकलेला शास्त्रज्ञ होता. आणि तो खेळण्यासाठी रांग लावणारे पाहुणेही काही पाळण्यातले नव्हते.

कोणी म्हणेल, वय झाले की रस आटायचाच. का म्हणून? पंढरीच्या वाटेवर पांढऱ्या मिशांचे वारकरी फुगडी घालतात, तेव्हा त्यांचे वय कुठे जाते? नाथांनी तर फुगडीवर, हुतूतूवर भारुडे रचली. तापी-गोमाईच्या संगमावरचे आमचे प्रकाशा हे दक्षिण काशी म्हणून ओळखले जाणारे गाव. पण आखाजी आली की इथेही खानदेशच्या चालीप्रमाणे माहेरवाशिणी झोके घेतात आणि बाप्ये पत्त्यांचे डाव मांडतात. लेकुरवाळी बाई झोक्यावर बसली म्हणून तिला कोणी पोरकट म्हणत नाही. खेळ हा वयाचा नसतो, सोबतीचा असतो.

दुसरा म्हणेल, प्रपंच आहे, वेळ कुठे? हा तर शुद्ध कांगावा आहे. संध्याकाळी गावातल्या कुठल्याही ओट्यावर नजर टाका. बसलेल्या प्रत्येकाची मान वाकलेली आणि अंगठा चाललेला. एक रील, दुसरी रील, जेवण निवले तरी तिसरी. खेळ सुटला, पण पडदा कुठे सुटला? फरक इतकाच, की खेळात डोळा, हात आणि बुद्धी कामाला लागत. रीलमध्ये माणूस नुसता पडून राहतो. खेळणारा हरत तरी होता. बघणाऱ्याच्या नशिबी हारसुद्धा नाही. आणि या अवस्थेला आपण शहाणपण म्हणतो!

मग रस आटला कशाने? पहिले कारण, जोडीदार गेला. त्या डब्याला दोन रिमोट होते. दुसरा धरणारा भाऊ किंवा मित्र आज सुरतेला नाहीतर पुण्याला आहे. दुसरे कारण, खेळाचीच नोकरी झाली. मोबाइलमधले कितीतरी खेळ रोज हजेरी मागतात. आलात तर चार नाणी, चुकलात तर खाडा. आणि पुढे जायचे तर पैसे मोजा. दिवसभर राबून आलेल्या माणसाने रात्री आणखी एक मुकादम का सोसावा? तिसरे कारण मात्र कोणी बोलत नाही. प्रौढाला हरण्याची लाज वाटते, आणि दहा वर्षांच्या स्वतःच्या लेकाकडून हरण्याची तर फारच.

खरे दुखणे इथे आहे. बाप खेळातून उठला, पण पोर खेळतेच आहे, एकटे, दार लोटून. ते काय खेळते, कुणाशी खेळते, कुठे पैसे मागितले जातात, हे त्या बापाला ठाऊक नाही. कारण ‘असल्या फालतू गोष्टींत’ लक्ष घालणे त्याच्या इभ्रतीला शोभत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. उत्तम झाले, जुगार तो जुगारच. पण कायदा दुकान बंद करील, पोराशेजारी येऊन बसणार नाही. सापळा कोणता आणि खेळ कोणता, हे सांगायला खेळलेला माणूसच लागतो. ‘मोबाइल ठेव’ असे स्वतः मोबाइलमधून मान वर न करता ओरडणाऱ्याचे कोण ऐकणार?

तेव्हा वाचकहो, फराळाचे ताट बाजूला सारले की घरातल्या पोराला म्हणा, ‘मला शिकव.’ तीनदा हराल. पोर हसेल, तुमच्या अंगठ्याची चेष्टा करील. करू द्या. चौथ्या डावाला ते तुम्हाला, कुणाला न सांगितलेले काहीतरी सांगेल. तेवढे हाती लागावे म्हणून पोक्तपणाचे प्रमाणपत्र खुशाल फाडून टाकावे.