कलावंताचे नाव

मानमंदिराच्या भिंतींवरील निळ्या टाइल्सची बदके तुम्ही पाहिली आहेत. राजा मानसिंह तोमर (राज्यकाल १४८६-१५१६) सर्वांना ठाऊक. टाइल्स घडविणाऱ्यांची नावे मात्र कोणालाच माहीत नाहीत. गवई पुढेही दरबाराचाच म्हणून ओळखला जाई. १९१४ मध्ये कृष्णराव शंकर पंडितांनी येथे संगीत विद्यालय काढले, १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले आणि गाणे दरबाराबाहेरच्या मुलांनाही शिकता येऊ लागले. गायकाला नाव मिळाले. कारागीर मात्र अजून निनावीच आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत पडदा रंगविणाऱ्या आणि पोशाख शिवणाऱ्यांचीही नावे छापावीत. जागा अपुरी पडेल, असे कोणी म्हणेल. तर मग आम्हा पदाधिकाऱ्यांची नावे कमी करावीत. विश्वस्त मंडळाने अवश्य विचार करावा.