इतर हक्काचा रकाना

तलाठ्याची नजर काही निवृत्त होत नाही. आता आमच्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण मी तलाठी म्हणूनच लागलो आणि तलाठी म्हणूनच बाहेर पडलो. अजूनही सकाळी फिरायला निघालो की डोळे आपोआप बांध शोधतात, हद्दीचे दगड शोधतात. कुठं मोकळी जमीन दिसली की पहिला प्रश्न मनात येतो, सातबारा कोणाच्या नावावर?

गेल्या उन्हाळ्यात तीन महिने लेकीकडे होतो. ती इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, डेव्हन परगण्यातल्या बार्न्सटपलला नर्स आहे. तिची दिवसपाळी असली की मी नातवाला घेऊन बसने समुद्रावर जायचो. त्या गावाचं नाव वेस्टवर्ड हो! हे उद्गारचिन्ह माझं नाही, गावाच्या नावातच आहे. चार्ल्स किंग्जलीची याच नावाची कादंबरी १८५५ साली आली आणि गाजली. कादंबरी याच भागातली. मग १८६३ साली एका कंपनीनं इथं हॉटेल आणि बंगले बांधायला घेतले आणि पर्यटकांना ओढायला कादंबरीचंच नाव दिलं. म्हणजे गाव आधी आणि पुस्तक नंतर, असं इथं नाही. मुंबईत सर ज. जी. कला महाविद्यालयाच्या आवारात जन्मलेला रुडयार्ड किपलिंग बाराव्या वर्षी शिकायला आला तो याच गावात.

पण मला अडकवलं ते गावाबाहेरच्या माळानं. समुद्राला लागून लांबच लांब गोट्यांचा बांध, आणि बांधाच्या आत वाळूवर वाढलेल्या गवताचा सपाट पट्टा. नाव नॉर्दम बरोज. त्यात झेंडे लावलेले, माणसं काठ्या घेऊन चाललेली. गोल्फचं मैदान. आणि त्या मैदानात भर मध्ये मेंढरं! शंभर-दीडशे तरी असतील. पलीकडे दोन घोड्या शिंगरांसह चरत होत्या. माझ्या मनात लगेच आलं, कोणाची तरी जनावरं शिरली, आता जाणार कोंडवाड्यात. एक वयस्कर खेळाडू चेंडूपाशी उभा होता आणि समोरून एक मेंढी सावकाश जात होती. ती जाईपर्यंत तो थांबला. ना आरडाओरडा, ना दगड. नातवानं त्याला माझ्या वतीनं विचारलं, ही मेंढरं कोणाची? तो म्हणाला, गावची. ती आमच्या आधीपासून इथं आहेत.

मग मी नेटानं माहिती काढली. हा काही साधासुधा क्लब नव्हे. रॉयल नॉर्थ डेव्हन गोल्फ क्लब १८६४ साली सुरू झाला. स्थापनेच्या वेळच्याच जमिनीवर आजही खेळला जाणारा इंग्लंडातला हा सगळ्यात जुना गोल्फ कोर्स. नॉर्दमच्या चर्चचे धर्मगुरू आयझॅक गॉसेट यांनी त्यात पुढाकार घेतला आणि आखणीला स्कॉटलंडहून ओल्ड टॉम मॉरिसना बोलावलं. गोल्फच्या जगात हे नाव म्हणजे आपल्याकडच्या घराण्याचा मूळपुरुषच. प्रिन्स ऑफ वेल्स आश्रयदाते झाले आणि नावात ‘रॉयल’ आलं. १९०८ साली हर्बर्ट फाउलरनं मैदानाची फेरआखणी केली. चौथ्या होलवर लाकडी ओंडके उभे लावलेला वाळूचा प्रचंड खड्डा आहे. मैदानभर कमरेएवढं काटेरी लव्हाळं माजलेलं. त्याचं टोक इतकं तीक्ष्ण की त्यात पडलेला चेंडू टोचून बसायचा.

पण नाव ‘रॉयल’ झालं तरी जमीन क्लबची झाली नाही. ती सामायिक चराईची होती, आजही आहे. जनावरं चारण्याचा हक्क आहे तो ‘पॉटवॉलपर’ मंडळींचा. या मजेशीर शब्दाचा जुना अर्थ, ज्याच्या घरी स्वतःचं भांडं स्वतःच्या चुलीवर उकळतं तो. थोडक्यात, ज्याची गावात वेगळी चूल आहे तो. मला हा अर्थ कळला तेव्हा मी लेकीच्या स्वयंपाकघरात एकटाच हसलो. आमच्या कोकणात वाडीची वर्गणी आजही माणशी नाही, चुलीप्रमाणे काढतात. सात समुद्रांपलीकडे हक्क मोजायचं माप तेच निघालं!

आणि हक्काबरोबर काम होतं. वादळात लाटा गोट्या आत फेकायच्या. मग दरवर्षी पॉटवॉलपर जमून त्या उचलून पुन्हा बांधावर टाकायचे. बांध टिकला तर माळ, माळ टिकला तर चारा. त्या श्रमदानाची आता जत्रा झाली आहे, पण मूळ गोष्ट साधी आहे. हक्क सांगणाऱ्याचा हात कामाला लागलेला होता.

आता कोणी म्हणेल, तलाठीबुवा, गोरे लोक गुण्यागोविंदानं नांदतात ही गोष्ट आम्हाला सांगू नका. नाही सांगत. क्लब हा वरच्या वर्गाचाच होता. १८६८ साली इथं बायकांचा वेगळा क्लब निघाला, इंग्लंडातला पहिला. पण सुरुवातीला त्यांना पटर सोडून दुसरी काठी हातात घ्यायची मुभा नव्हती. मेंढ्यांना जिथं मज्जाव नव्हता तिथं बायकांना होता. १९०० साली ब्रिटिश महिलांची अजिंक्यपद स्पर्धा याच क्लबवर झाली, पण मध्ये बत्तीस वर्षं गेली. आणि गावातली गरीब पोरं मैदानावर यायची ती श्रीमंतांच्या काठ्या वाहायला.

त्यातलंच एक पोर जॉन हेन्री टेलर. जन्म १८७१, नॉर्दमचाच. बाप मजूर, तोही लहानपणीच गेला. आई सुईण. अकराव्या वर्षी शाळा सुटली. हॉरेस हचिन्सन हा पुढं दोनदा हौशी खेळाडूंचं अजिंक्यपद जिंकलेला गोल्फपटू. त्याच्या घरी हा पोरगा वरकाम करायचा. मग गवंड्याच्या हाताखाली, मग याच क्लबात मैदानाची निगा राखायला. मास्तर कोणी नव्हता. श्रीमंतांचं बघून शिकला आणि मोकळ्या वेळी खेळला. खेळू शकला, कारण माळावर जायला त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. गावातल्या कष्टकऱ्यांनी १८८८ साली आपला वेगळा क्लब काढला तोही याच माळावर, आणि टेलर त्याच्या पहिल्या सभासदांपैकी. १८९४ साली त्यानं ओपन स्पर्धा जिंकली. ती स्पर्धा स्कॉटलंडबाहेर पहिल्यांदाच होत होती. त्यानंतर १८९५, १९००, १९०९ आणि १९१३, असं पाच वेळा तो जिंकला. १९०१ साली व्यावसायिक खेळाडूंची संघटना उभी राहिली, तिचा तो पहिला अध्यक्ष. आणि १९५७ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, ज्या क्लबात काठ्या वाहिल्या त्याच रॉयल नॉर्थ डेव्हनचा तो प्रेसिडेंट झाला.

या गोष्टीतून लोक सहसा जिद्दीचा धडा काढतात. शाळेच्या गॅदरिंगला तो ठीक आहे. मला त्यात जमिनीचा धडा दिसतो. त्याच माळाला १८६४ साली तारेचं कुंपण पडलं असतं, तर जिद्द असूनही टेलर गवंडीच राहिला असता. क्लबला आज जो मान आहे, त्यातला मोठा वाटा या पोराचा. म्हणजे क्लबची प्रतिष्ठा वाढवली ती क्लबच्या मालकीत नसलेल्या हक्कानं.

आता आपल्या सातबाऱ्याकडे येतो. गाव नमुना सातवर कब्जेदाराचं नाव असतं आणि एका बाजूला ‘इतर हक्क’ असा रकाना असतो. कूळ, बोजा, विहिरीतला हिस्सा, वाट, हे सगळं तिथं. लोक जमीन घेताना कब्जेदाराचं नाव दहा वेळा वाचतात आणि या रकान्यावरून नजर फिरवतात. वेस्टवर्ड हो!च्या क्लबाला सातबारा असता, तर तो अख्खा क्लब मला ‘इतर हक्कां’त लिहावा लागला असता. मेंढ्यांच्या शेजारी, वाटसरूंच्या खाली!

गंमत अशी की एका जमिनीला एक धनी हा हिशेब आपल्याकडे पक्का केला तो इंग्रजांनीच. १८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून सर्व्हे सुरू केला. आमचे सर्व्हे नंबर त्या शिस्तीतून आले. आणि स्वतःच्या देशातही त्यांनी सामायिक जमिनी कायदे करून गिळल्या. आज इंग्लंडच्या जमिनीत जेमतेम ३ टक्के सामायिक उरली आहे. नॉर्दमचा माळ त्या तीन टक्क्यांतला. उरला तो कोणाच्या दयेनं नव्हे, हक्कदार तिथं रोज जनावरं घेऊन जात राहिले म्हणून.

आपल्याकडे किनाऱ्याच्या जमिनीवर मोठा प्रकल्प येणार म्हटलं की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, रोजगार येईल, अडवू नका. दुसरा म्हणतो, गोल्फ म्हणजे श्रीमंतांचे चोचले, हाकलून द्या. रेडीला लागून असलेलं तेरेखोल, नदीच्या अलीकडे असूनही गोव्यात मोडणारं. तिथं गोल्फच्या प्रकल्पावरून कुळं आणि प्रकल्पवाले यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालला. मी दोन्ही सुरांत आवाज मिसळणार नाही. गोल्फ हा खेळ वाईट नाही. वाईट आहे ते मैदान आखण्यापूर्वी तिथं कोण चालत होतं, कोण चारत होतं, हे न लिहिणं.

आणि लिहायची सोय कायद्यात आहे, पण ती विदर्भापुरती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. कलम १६१ प्रमाणे गावातल्या पडीक सरकारी जमिनीच्या वापराचं निस्तारपत्रक करायचं असतं, त्यात चराईच्या अटी येतात. कलम १६५ प्रमाणे वाजिब-उल-अर्ज करायचा. खासगी जमिनीतसुद्धा वहिवाटीची वाट, पाण्याचा, मासेमारीचा हक्क असेल तर तो रूढीप्रमाणे नोंदवायचा. सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला राज्यांना बजावलं. निकाल आहे, कलमं आहेत. पण ही कलमं कोकणाला लागू नाहीत. कोकणातल्या माझ्या सगळ्या नोकरीत मी भरलेला वाजिब-उल-अर्ज एकदाही पाहिला नाही. दप्तरात नसलेला हक्क मोजणीदाराच्या साखळीलाही दिसत नाही आणि कोर्टालाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. ती कलमं कोकणालाही लावा, आणि किनाऱ्यावरची कुठलीही मोठी जमीन बिगरशेती होण्याआधी त्या गावची ही दोन पत्रकं ग्रामसभेत वाचून पूर्ण करा. मग तिथं हॉटेल येऊ दे, नाहीतर गोल्फ येऊ दे. येणाऱ्यालाही कळू दे की आपण कोणाच्या शेजारी बसतो आहोत.

नॉर्दमचा माळ तरी कायमचा आहे का? नाही. बांध मागे सरकतो आहे. अलीकडच्या वादळांत समुद्रानं सातव्या-आठव्या होलची कड खाल्ली. बांध जपायचा की निसर्गाला त्याच्या वाटेनं जाऊ द्यायचं, यावर तिथंही वाद आहेत. पण वादात क्लब आहे, चराईवाले आहेत, फिरायला येणारे आहेत. ज्याचं ज्याचं काही जाणार आहे, त्याचं नाव कुठंतरी लिहिलेलं आहे.

शेवटी माझं एक सांगतो. नोकरीतल्या एका किनाऱ्यावरच्या गावात सड्याची मोठी जमीन रिसॉर्टसाठी विकली गेली. मालक खरा, खरेदीखत खरं, फेरफार मीच लिहिला. त्या सड्यातून पुळणीवर उतरणारी पायवाट होती. मासळी घेऊन बायका त्या वाटेनं बाजाराला जायच्या, गुरंही तीच वाट धरायची. वर्षभरात भिंत आली आणि बायकांना सडा वळसा घालून जावं लागू लागलं. एक म्हातारी सजात येऊन मला म्हणाली, “भाऊ, तुमी तरी लिवायचा होतात.” मी तिला सांगितलं, नोंद करायला कोणाचा अर्जच नव्हता. उत्तर नियमाला धरून होतं.

परवा त्या गटाचा सातबारा मोबाइलवर काढून पाहिला. इतर हक्काचा रकाना अजून कोरा आहे. त्यात काय लिहायला हवं होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. स्थळपाहणीला मी त्याच वाटेनं उतरलो होतो.