पाऊस तर पाटलाच्या वावरातही पडला

दिवाळी झाली का मेळघाटातले आपले कोरकू भाऊबहिणी बोचकी बांधून खाली उतरतात. कोणी अमरावती-अकोल्याकडे हरभरा सोंगायला, कोणी विटभट्टीवर, कोणी बुऱ्हाणपूरकडे. होळीले घरी येतात, अन् सण झाला का पुन्हा निघतात. आमच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या फासेपारधी बेड्यांवरूनही लेकराबाळांसकट माणसं शहराच्या वाटेला लागतात. काहून जाता, असं विचारलं तं उत्तर एकच, "पाण्यानं मारलं, बाप्पा."

हे खोटं नाही. मृगात पेरलं तर मधातच पावसाचा खंड पडतो, दुबार पेरणी करावी लागते. सोयाबीन सोंगायला आलं का इतका पडतो, की शेंगेतच कोंब फुटतात. मोहफुलाच्या दिवसांत गारा येतात. शास्त्रज्ञांनी मोजलं आहे : 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या मुलखावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. कोळसा-तेल जाळून हवा तापली, समुद्र तापला, आभाळात बाष्प वाढलं. तो धूर ना कोरकूच्या चुलीतला, ना पारध्याच्या. पण पोटावर मार आपल्याच.

2022 या एका वर्षात पूर, वादळ, दुष्काळ अशा आपत्तींनी जगभरात आपल्याच देशात घर सोडावं लागल्याच्या 3 कोटी 26 लाख नोंदी झाल्या. आपल्याकडे मात्र हंगामी मजुरीले गेलेल्या माणसाला कोणी विस्थापित म्हणत नाही. 'हे लोक जातातच दरसाल' म्हणून विषय संपवतात.

आम्ही विचारतो, पाऊस तर पाटलाच्या वावरातही पडला. मग पाटील काहून नाही गेला विटभट्टीवर?

कारण त्याच्याजवळ सातबारा आहे. पीक बुडालं तर पंचनामा होतो, विमा असतो, सोसायटीचं कर्ज मिळते. आपण ई-क्लासवर किंवा जंगलजमिनीवर वाहतो. बिनकागदाच्या वावराचं पीक बुडालं तरी कागदावर ते पेरलंच नव्हतं. मग ठेकेदाराची उचल घ्यावी लागते, अन् उचल घेतली का पाय आपले राहत नाहीत. आभाळ सगळ्यांवर सारखंच फाटते, पण गाव सुटते बिनकागदाच्या माणसाचं.

कोणी म्हणतात, पाऊसच बिघडला तर पट्टा घेऊन का करता? त्यांनी आपल्याच जिल्ह्यातलं पायविहीर पाहून यावं. 2012 मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. उघड्या टेकडीवर लोकांनी झाडं लावली, पाणी अडवलं, चराई अन् आगीवर स्वतःच राखण ठेवली. सीताफळं थेट मुंबईपर्यंत विकली. गावातच काम निघालं, बाहेर जाणं कमी झालं. पाऊस त्यांच्याकडेही आपल्यासारखाच लहरी आहे. फरक इतकाच, की जंगल त्यांच्या हाती आहे.

म्हणून आमचं म्हणणं असं, की स्थलांतराच्या प्रश्नाला जमिनीच्या प्रश्नापासून तोडू नका. नुसती मदतीची पाकिटं नकोत. दिवाळीआधी, माणसं गावात असतानाच, ग्रामसभा घ्या अन् हे करा :

1. कोणतं घर, कितीजण, कुठं अन् काहून गेले, याची नोंद ग्रामसभेच्या रजिस्टरात करा. बाया अन् लेकरं वेगळी मोजा.

2. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली वैयक्तिक अन् सामूहिक, दोन्ही दावे भरा. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालते. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनजमिनीवरून कोणाला हुसकावता येत नाही. ई-क्लासवर 14 एप्रिल 1990 च्या आधीपासून वाहत असाल, तर तो पुरावाही शोधून ठेवा.

3. रोजगार हमीचं काम तोंडी मागू नका. अर्ज द्या, तारखेची पोच घ्या. 15 दिवसांत काम द्यावं लागते.

गेलेल्या माणसाच्या नावानं दावा भरता येते, पण ग्रामसभेतला त्याचा हात कोण वर करणार? घर कुलूपबंद अन् वावर पडीक दिसलं, का 'इथं कोणी राहतच नाही' असं लिहून मोकळं होणं सोपं असते. आज चार महिन्यांसाठी सुटलेलं गाव उद्या कायमचं सुटू शकते. यंदा बोचकं बांधायच्या आधी दावा भरून जाऊ.