माडी चमकली, पण काकूंना धाप लागली

दसरा-दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगरंगोटी निघते. हल्ली लाकूड घासण्याचे मशिन भाड्याने मिळते, म्हणून पुष्कळ जण घासकाम आणि पॉलिश स्वतःच करतात. हौस चांगली आहे. माझी तक्रार आहे ती धुळीकडे होणाऱ्या दुर्लक्षाबद्दल.

कल्याणला पारनाक्याजवळच्या जुन्या घरातले एक काका गेल्या दिवाळीआधी पत्नीला घेऊन रात्री दवाखान्यात आले. काकूंना एक वाक्य सलग बोलता येत नव्हते, छातीत शिट्ट्या वाजत होत्या. दमा जुना, पण दोन वर्षे शांत होता. नेब्युलायझरने आराम पडल्यावर चौकशी केली. काकांनी माडीची सागवानी तक्तपोशी दोन दिवस मशिनने घासली होती. शेजाऱ्यांकडे धूळ जाऊ नये म्हणून खिडक्या बंद! काकांच्या नाकाला रुमाल होता. काकूंना काहीच नव्हते, कारण त्या 'काम' करत नव्हत्या. मागाहून फक्त केर काढत होत्या.

वाचकहो, डोळ्यांना दिसणारा भुसा लवकर खाली बसतो. न दिसणारी बारीक धूळ तासन् तास हवेत तरंगते आणि थेट फुप्फुसात उतरते. कोरडा केरसुणीचा हात फिरला की ती पुन्हा उडते. रुमाल तिला अडवत नाही. शिवाय सागवान आणि शिसवी लाकडात अशी नैसर्गिक द्रव्ये असतात की काहींना त्यांनी अंगावर खाज-पुरळ येते, काहींना दमा होतो. इंग्लंडमध्ये हाय विकम भागातील फर्निचर कामगारांना नाकाचा कर्करोग अधिक होतो, हे 1960 च्या दशकातच लक्षात आले. 1995 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली. चार दिवस घासल्याने कर्करोग होईल असे घाबरू नका. तो धोका वर्षानुवर्षे हेच काम करणाऱ्याला. दम्याला मात्र एक दिवसही पुरतो.

लाकडावर जुना ऑइलपेंट असेल तर आणखी सावध राहा. घरगुती रंगातील शिशावर 90 पीपीएमची कायदेशीर मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून आली. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते, आणि ते लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल, तर असा रंग कोरडा घासूच नये. घासणे भागच असेल, तर त्यांना काम आणि साफसफाई संपेपर्यंत नातेवाइकांकडे पाठवावे, पाणी मारून वॉटर पेपरने हाताने घासावे.

बाकी पथ्ये सोपी आहेत. खोलीचे दार बंद ठेवून फटीला ओले फडके लावा, खिडक्या उघडा. करोनाच्या काळात ओळखीचा झालेला एन-95 मास्क नाकावर घट्ट बसवा. घासणाऱ्याने आणि आवरणाऱ्यानेही. झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. कपडे बाहेरच काढा. स्पिरिट आणि थिनरची वाफ एन-95 ने अडत नाही. तिथे मोकळी हवाच हवी, आणि देवापुढची समई व गॅस बंद हवा. दोन भाग मिसळून करायच्या पीयू पॉलिशमधील आयसोसायनेटने नवा दमा जडू शकतो. ते घरी करू नये. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून ठेवल्यास आपोआप पेटतात. ते पाण्यात बुडवावेत.

घोडबंदर रोडकडच्या नव्या फ्लॅटमधील 'लाकडी' जमीन बरेचदा लॅमिनेटची असते. तिचा वरचा थर छापील कागदाचा. ती घासायची नसतेच. आधी खात्री करा.

आणि कारागीर बोलावलात तर काम संपले असे समजू नका. तीच धूळ तो रोज खातो. दोन मास्क त्याच्या हाती द्या, खिडकी उघडून द्या. पॉलिशच्या खर्चात हे चार पैसे सहज मावतात. काकांची माडी आज आरशासारखी चमकते. पण त्या रात्री काकूंचा श्वास परत येईपर्यंत त्या चकाकीची किंमत काकांना कळून चुकली होती.