शस्त्र आणि शोध

डॉक्टर झालेला माजी विद्यार्थी शाळेत आला की आपण शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार करतो आणि दवाखाना कोठे काढला, हे आवर्जून विचारतो. तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधीत आहे, असे मात्र क्वचितच कोणी विचारते. हे बदलावे, असे आमचे मत आहे. दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास त्यास साक्ष आहे.

दृष्टिपटल हा डोळ्याच्या आतील नाजूक पडदा. तो जागचा सुटला की दृष्टी जाते, आणि शंभर वर्षांपूर्वी त्यावर भरवशाचा इलाज नव्हता. पडद्याला पडलेले छिद्र हा आजाराचा परिणाम आहे, असे अनेक जाणकार मानीत. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील शल्यविशारद ज्यूल गोनँ (१८७०–१९३५) यांनी असे डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि छिद्र हेच मूळ कारण असल्याचे प्रतिपादन केले. छिद्रातून द्रव मागे शिरतो व पडदा उचलला जातो. म्हणून छिद्राची नेमकी जागा हुडकून, तेथे तप्त शस्त्राने डाग देऊन ते बंद करण्याची शस्त्रक्रिया त्यांनी सिद्ध केली. त्यांना दीर्घकाळ विरोध झाला. १९२९ च्या ॲम्स्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय नेत्रपरिषदेत अखेर त्यांच्या कार्यास मान्यता मिळाली.

पुढे मायामी येथे रॉबर्ट माखेमर या जर्मन शल्यविशारदाने आणखी एक समजूत मोडली. डोळ्यातील काचेसारख्या पारदर्शक द्रवाला हात लावू नये, असा तोवरचा दंडक होता. झां-मारी पारेल या अभियंत्याच्या साहाय्याने माखेमर यांनी तो द्रव कापून शोषून घेणारे यंत्र बनविले. आरंभीचे प्रयोग चक्क कोंबडीच्या अंड्यातील पांढऱ्या बलकावर झाले! १९७० साली ही शस्त्रक्रिया रुग्णावर झाली. मधुमेहामुळे डोळ्यात रक्तस्राव होऊन अंधत्व आलेल्या असंख्य रुग्णांना तिचा लाभ झाला.

या दोघांनाही प्रश्न रुग्णाच्या डोळ्याने घातला. उत्तरासाठी त्यांना प्रयोगशाळेत जावे लागले. केवळ शस्त्रक्रियाच करीत राहिले असते, तर जुनीच पद्धत ते अधिक सफाईने करीत राहिले असते.

आपल्या मुलांची अडचण आम्ही जाणतो. एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, एम.एस.ची तीन, त्यानंतर दृष्टिपटलाचे विशेष प्रशिक्षण. घरातील पहिलाच शिकलेला मुलगा एवढा काळ शिकत असताना धाकट्या भावंडांची फी थांबत नाही, कर्जाचे हप्तेही थांबत नाहीत. अशा वेळी ‘आता कमवायला लाग’ असे आईवडील म्हणाले, तर त्यांना दोष कसा द्यावा? संशोधनाची ओढ असूनही तो मुलगा मग ती वाट सोडतो.

येथे माजी विद्यार्थ्यांनी पुढे यावे. दहावी-बारावीच्या गुणवंतांना बक्षिसे देणे योग्यच आहे. परंतु संशोधन करू इच्छिणाऱ्या एका तरुण डॉक्टरच्या घरखर्चाची दोन-तीन वर्षे जबाबदारी घेणे, हे त्याहून मोलाचे कार्य ठरेल. आणि शिक्षक-पालकांना आमची विनंती एवढीच, की वर्गात वा घरी ‘असे का?’ म्हणून पुन्हापुन्हा विचारणाऱ्या मुलाला उद्धट ठरवून गप्प बसवू नये.