भयाचा काठ

नाट्यशास्त्राने मानलेल्या आठ रसांत भयानक रसाची गणना होते आणि त्याचा स्थायीभाव, म्हणजे मनात मुळातच वसलेली व रसात परिणत होणारी भावना, भय हाच आहे. ज्या भावनेपासून माणूस पळतो तिचाच तो आस्वाद कसा घेतो, याचे उत्तर अभिनवगुप्ताने साधारणीकरणाच्या आधारे दिले: ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातील, रथापुढे जिवाच्या आकांताने धावणाऱ्या हरणाचे भय प्रेक्षकापर्यंत पोहोचते तेव्हा ते व्यक्ती, स्थळ आणि काळ यांपासून सुटलेले असते, म्हणून ते चाखता येते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा वाचकाने रात्री दिवा लावून वाचल्या त्या याच बळावर.

रंगभूमीबाहेर मात्र प्रश्न अवघड होतो. इंदूर जिल्ह्यातील गौतमपुऱ्यात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट युद्ध होते. हिंगणबेटाचे कठीण फळ पोखरून, वाळवून त्यात दारू भरतात, दिशा साधण्यासाठी बांबूची कामटी बांधतात आणि गौतमपुऱ्याचे ‘तुर्रा’ व रुणजीचे ‘कलंगी’ ही दोन दले अशी पेटती फळे परस्परांवर सोडतात. ज्वाला एकच असली तरी तिथे भये दोन असतात. जाळीमागच्या प्रेक्षकाचे शरीर दचकते, पण बुद्धी निश्चिंत असते, आणि या दोहोंच्या ताणातच त्याची मौज आहे. ढाल व साफा घेऊन उतरलेल्या योद्ध्याचे भय खरे असते. ते त्याने स्वतः निवडलेले, अंधार पडल्यावर संपणारे आणि गावाच्या मानाशी जोडलेले असल्यामुळे तो ते उत्साहाने पत्करतो. तरीही 2017 साली या युद्धात एका तरुणाचा जीव गेला. परंपरेविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हणावे लागते की, प्रेक्षकाच्या रक्षणाची जेवढी काळजी घेतली जाते तेवढी योद्ध्याच्या रक्षणाचीही घेतली गेली पाहिजे.

ज्या भयाला असा काठ नसतो, म्हणजे ते कोठे सुरू होते, केव्हा संपते आणि त्यावर आपला ताबा किती हे कळत नाही, ते माणूस टाळतो, आणि टाळण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे ते झाकणे. इंदूरच्या बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात एक जुनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, स्लॅब टाकून झाकलेली होती. 30 मार्च 2023 रोजी रामनवमीच्या हवनाला भाविक जमले असताना तो स्लॅब कोसळला आणि 36 जण मृत्युमुखी पडले. उघड्या विहिरीच्या काठावर माणूस आपोआप पाऊल जपून टाकतो, पण या भाविकांच्या पायांखाली विहीर आहे हे त्यांना दिसण्याची सोयच उरलेली नव्हती, आणि त्यांना सावध करू शकणारे भयच कोणीतरी आधी काढून घेतले होते. दुर्घटनेनंतर महापालिकेने तेथील बांधकाम पाडून बावडी बुजवली. शोकाच्या त्या दिवसांत हा निर्णय समजण्यासारखा असला तरी तो चुकीचा होता. ती बावडी उपसून, डागडुजी करून आणि भोवती कठडा बांधून उघडी ठेवायला हवी होती.